आम्ही विचारले होते का?

२०२१ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. चर्चचे दरवाजे भाविकांसाठी बंद होते, मिस्सा मोबाईलवर पाहिली जात होती आणि दफनविधी मोजक्या माणसांत उरकावे लागत होते. अशा दिवसांत आम्ही काही जणांनी ठरवले, की हात बांधून बसायचे नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची लसीसाठी नोंदणी करून द्यायची आणि पाड्यांवरच्या वयस्कर माणसांना केंद्रापर्यंत नेऊन आणायचे. काम चांगले झाले. आजही कोणी आठवण काढली, की समाधान वाटते.

पण त्या समाधानात एक खडा आहे. जीपमधून उतरताना एका आजींनी आम्हांला विचारले होते, "सुई कसली आहे?" आम्ही म्हणालो, "सरकारी आहे आजी, सगळे घेतात. चला, रांग वाढते आहे." आजी मुकाट्याने चालू लागल्या. त्यांना काही झाले नाही, दोन दिवस हात दुखला असेल एवढेच. पुढे दुसरा डोसही त्यांनी घेतला. म्हणजे तक्रार कोणाचीच नाही. तरी पण त्यांनी एक प्रश्न विचारला होता आणि आम्ही त्याचे उत्तर न देता त्यांना रांगेत उभे केले होते. ज्या माणसाने बोरिवलीहून किंवा वसईहून फोन करून आम्हांला हाच प्रश्न विचारला असता, त्याला आम्ही दहा मिनिटे लसीचे नाव, दोन डोसांमधले अंतर, ताप आला तर काय करायचे, हे सारे सांगितले असते. किंबहुना तसे सांगितलेही होते.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. जी गोष्ट समोरच्याच्या भल्याची आहे, तिच्यासाठीही त्याला विचारावे लागते का? न विचारता केली आणि भलेच झाले, तर अन्याय झाला असे म्हणायचे का? झाला असेल तर नेमका कशाचा?

हा प्रश्न आमच्या जीपपुरता नाही. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात (हा भाग आता तेलंगणात आहे) आणि गुजरातेतील बडोदे जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस सुमारे २४ हजार मुलींना देण्याचा प्रकल्प सुरू झाला. 'पाथ' नावाची अमेरिकन संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारे त्यात होती. पैसा गेट्स प्रतिष्ठानचा होता. मुली १० ते १४ वर्षांच्या, त्यांतल्या पुष्कळ आदिवासी, वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत राहणाऱ्या. सात मुली दगावल्याचे कळल्यावर गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये केंद्राने तो प्रकल्प थांबवला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. कोणी बुडून गेली होती, कोणी सर्पदंशाने, कोणी विष घेऊन, कोणी तापाने.

मग गैर काय झाले? ते सापडले संमतिपत्रांच्या गठ्ठ्यांत. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये आपला ७२ वा अहवाल मांडला. आंध्रातील ज्या ९,५४३ संमतिपत्रांचा हिशेब त्यात आहे, त्यांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर सही होती ती वसतिगृहाच्या अधीक्षकांची. आईबाप डोंगरापलीकडच्या पाड्यावर, मुलगी वसतिगृहात आणि तिच्या अंगात काय टोचायचे याला 'हो' म्हणणारा तिसराच माणूस! समितीने या प्रकाराबद्दल अत्यंत कडक शब्द वापरले. लक्षात घ्या, लस वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्या देशात दरवर्षी हजारो बायकांचा बळी घेतो आणि ही लस त्यापासून वाचवते, हे आज जगभर मान्य झाले आहे. पण म्हणूनच हे उदाहरण घ्यायला हवे. लस चांगली, मृत्यूंशी तिचा संबंध नाही, तरीही त्या अधीक्षकाच्या सहीकडे पाहून आपल्याला अस्वस्थ का वाटते?

पालघर जिल्ह्यात राहणाऱ्याला तर ते अधिकच वाटायला हवे. डहाणू, जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागांतल्या आश्रमशाळांत आपल्या जिल्ह्याची लेकरे शिकतात. त्यांचे आईबाप भातकापणी झाली, की वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांना विचारायचे म्हणजे शोधत जावे लागते. शिवाय या मातीत अंगठ्यालाही इतिहास आहे. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या चार पैशांपायी नवराबायको दोघे त्याच्या घरी राबत. 'लग्नगडी' म्हणत त्यांना. कागदावर लिहिलेले वाचता येत नसे, अंगठा मात्र आपलाच असे. १९४५ साली तलासरीकडच्या झरी गावी जमून वारल्यांनी वेठ नाकारली आणि गोदावरी परुळेकरांनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकीकत लिहिली. त्या कागदांवरही संमतीच होती म्हणा ना! कायद्याच्या भाषेत अंगठा होता, साक्षीदार होते. नव्हते ते एवढेच, की कागद कोणी वाचून दाखवला नव्हता आणि 'नाही' म्हटले तर दुसरी वाट नव्हती.

आमच्या मते संमतीचे सारे मर्म या दोन गोष्टींत आहे. आधी मला कळले पाहिजे. आणि कळल्यावर मला 'नाही' म्हणता आले पाहिजे. दोन्हींपैकी एक नसेल, तर कागदावर सही राहते, संमती राहत नाही.

जगाने हे फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. नाझी छळछावण्यांतील कैद्यांवर डॉक्टरांनी केलेल्या प्रयोगांचा खटला न्यूरेंबर्ग येथे चालला आणि १९४७ मध्ये निकाल देताना न्यायाधीशांनी वैद्यकीय प्रयोगांसाठी दहा तत्त्वे घालून दिली. त्यांतले पहिले तत्त्व माणसाच्या स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने आपल्या ७ व्या कलमात तीच गोष्ट घातली. भारत १९७९ पासून त्या कराराने बांधलेला आहे. युनेस्कोच्या २००५ च्या घोषणापत्राने प्रयोगापलीकडे जाऊन प्रतिबंध, निदान आणि उपचार यांनाही हा नियम लावला. प्रतिबंध म्हणजे लस आलीच.

पण कायद्याच्याही आधी आपल्याला शुभवर्तमान ठाऊक आहे. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तिमय ओरडत होता. त्याला काय हवे आहे हे गर्दीतल्या प्रत्येकाला दिसत होते, आणि प्रभूला तर सांगायलाच नको. तरी प्रभूने त्याला जवळ बोलावून विचारले, की मी तुझ्यासाठी काय करावे? बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे पडून असलेल्या आजाऱ्यालाही त्याने आधी विचारले, की बरे व्हायची तुझी इच्छा आहे ना? लहानपणी आम्हांला हे प्रश्न निरर्थक वाटत. आंधळ्याला दृष्टीखेरीज दुसरे काय हवे असणार! आता वाटते, प्रभूने त्यांना उत्तर देण्याचा मान दिला. वर्षानुवर्षे लोक त्यांच्याविषयी बोलत होते, त्यांच्याशी कोणी बोलत नव्हते. नाझरेथच्या घरातली घटना तर याहून मोठी आहे. साऱ्या मानवजातीच्या तारणाची योजना होती, तरी देवदूताने मरियेला निरोप सांगितला, तिने 'हे कसे होईल' म्हणून विचारले, त्याने समजावले आणि मग तिच्या होकारापर्यंत थांबला. प्रश्न विचारला म्हणून तिच्यावर कोणी रागावले नाही. आमच्या आजींनीही प्रश्नच विचारला होता.

म्हणून खम्ममच्या मुलींवर अन्याय झाला का, याचे आमचे उत्तर 'हो' असे आहे. इजा झाली नसेल, अन्याय झाला. त्यांच्या आईबापांना विचारण्यासारखी माणसे मानले गेले नाही.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर आमचे म्हणणे अर्धवट राहील, आणि काही वाचक त्याचा भलताच अर्थ लावतील. 'माझे शरीर, माझी मर्जी' एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. गोवराचा पहिला डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधी त्या बाळाचे रक्षण कोण करते? अवतीभवतीची लस घेतलेली मुले. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली, मुले दगावली. लागण झालेल्यांत लस चुकलेली मुले पुष्कळ होती. काहींच्या घरी अफवा पोचली होती, परिचारिका पोचली नव्हती. देवीचा रोग पृथ्वीवरून गेला, पोलिओचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, हे सारे लसीनेच घडवले. तेव्हा 'नाही' म्हणणाऱ्यालाही आपल्या नकाराचा हिशेब द्यावा लागतो. त्याच्या नकाराची किंमत शेजारच्या पाळण्यातले बाळ मोजत असेल, तर तो नकार केवळ त्याचा उरत नाही.

व्हॅटिकनमधील श्रद्धा व शिकवण पाहणाऱ्या विभागाने २१ डिसेंबर २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने जे टिपण काढले, त्यात या दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. लस घेणे हे सर्वसाधारणपणे नैतिक बंधन नाही, म्हणून ते ऐच्छिकच असले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. पण लगेच पुढे सर्वांच्या हिताचेही कर्तव्य सांगितले आहे आणि जो सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून लस नाकारतो, त्याने आपल्याकडून रोग पसरू नये म्हणून अन्य सर्व काळजी घ्यावी, दुबळ्यांना धोका पोचवू नये, असे बजावले आहे. त्या दिवसांत आपल्यापैकी काहींनी या टिपणाचा पहिला भाग व्हॉट्सअॅपवर फिरवला, काहींनी दुसरा. दोन्ही भाग एकत्र फिरवणारा आम्हांला तरी भेटला नाही.

युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने ८ एप्रिल २०२१ रोजी चेक प्रजासत्ताकाच्या खटल्यात असाच तोल साधला. मुलांना ठरावीक लसी न देणाऱ्या पालकाला दंड करणे किंवा अशा मुलाला बालवाडीत प्रवेश नाकारणे, याने हक्कभंग होत नाही, असा निकाल दिला. मात्र त्या देशातही मुलाला धरून जबरदस्तीने टोचण्याची सोय कायद्यात नव्हती, ही गोष्ट न्यायालयाने ध्यानात घेतली होती. म्हणजे अट घालता येते. प्रश्न उरतो तो हा, की अट कुठे संपते आणि सक्ती कुठे सुरू होते.

याचे उत्तर आपल्याला पुस्तकात शोधायला नको, ते आपल्या फलाटावर घडले. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली आणि पालघर, बोईसरची पोटे त्या गाडीला बांधली गेली. १५ ऑगस्ट २०२१ पासून सर्वसामान्यांना लोकल खुली झाली, ती दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच. वरवर पाहता अट रास्त वाटते. आता हिशेब करा. १८ वर्षांवरील सर्वांसाठी केंद्राची मोफत लस सुरू झाली २१ जूनला. कोविशिल्डच्या दोन डोसांमध्ये किमान ८४ दिवसांचे अंतर होते. पहिल्याच दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्या पंचविशीतल्या पोरालाही दुसरा डोस १३ सप्टेंबरच्या आधी मिळणे शक्य नव्हते आणि गाडी सप्टेंबरअखेर. 'नाही' म्हणणाऱ्याचे सोडा, 'हो' म्हणणाऱ्यालाही वाट नव्हती! मोटार असलेला महामार्गाने मुंबईला जात होता. अडला तो पासवाला. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला सुनावले, की हे आदेश तत्कालीन मुख्य सचिवांनी विहित कार्यपद्धती डावलून काढले होते. सरकारने ते मागे घेतले, आणि थोड्याच दिवसांत तीच अट नव्या आदेशात घातली.

इतरत्र तर याहून पुढे मजल गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात निदान एक डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस, पेट्रोल देऊ नये, असा हुकूम निघाला. ठाणे महापालिकेने डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचे ठरवले. अधिकाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या लाटेतली प्रेते त्यांनीही पाहिली होती. पण चित्रपटगृहात येऊ नको म्हणणे आणि तांदूळ देणार नाही म्हणणे यांत फरक आहे. चित्रपट सोडता येतो.

अखेर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. आपल्या शरीरावर आपला अधिकार घटनेच्या २१ व्या कलमाखाली येतो, कोणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले. त्याच वेळी लसीकरणाचे धोरण योग्य ठरवले, आणि सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार प्रमाणशीर निर्बंध घालू शकते हेही मान्य केले. लस न घेतलेल्यापासून घेतलेल्यापेक्षा अधिक संसर्ग होतो, हे दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवली नाही. म्हणून तेव्हाच्या परिस्थितीत ते निर्बंध प्रमाणशीर नाहीत, असे न्यायमूर्तींनी म्हटले. हा निकाल कोविडपुरता आहे, मुलांच्या नेहमीच्या लसींना तो लावू नये.

यानंतरची एक गोष्ट आम्हांला फार बोचली. लसीनंतर दगावलेल्या मुलींच्या पालकांनी भरपाई मागितली तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की लस घेण्याची कायद्याने सक्ती नव्हती, ती स्वेच्छेने घेतलेली होती, म्हणून भरपाईची जबाबदारी शासनावर येत नाही. असे मृत्यू अगदी विरळा, हे खरे. पण गाडीच्या खिडकीवर, रेशनच्या दुकानात आणि पगाराच्या दिवशी जी ऐच्छिक नव्हती, ती घरी मृत्यू झाल्यावर ऐच्छिक झाली.

सरकारला बोल लावणे सोपे आहे. आपल्या घरांत काय झाले? धुणेभांडी करणाऱ्या बाईला "सर्टिफिकेट दाखव, मगच ये" असे आपल्यापैकी कित्येकांनी सांगितले. घरात म्हातारी माणसे होती, भीती खरी होती. तसे सांगणे चूकच होते असे आमच्याने म्हणवत नाही. पण ती येत नव्हती त्या दिवसांचे पैसे किती घरांनी दिले? तिला बसवून कोणी दोन शब्द समजावले का? एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर कंत्राटी कामगारांना परत पाठवत आणि कायम नोकरीतल्यांना आठ दिवसांची मुदत मिळे, असे आपल्याच धर्मग्रामातला एक जण सांगत होता. तो सुपरवायझर होता. "मीच पाठवत होतो," असे तो म्हणाला आणि गप्प झाला.

समजावण्याला वेळ लागतो, ही खरी अडचण आहे. २०१८-१९ च्या गोवर-रुबेला मोहिमेत दिल्लीच्या शाळांचा वाद उच्च न्यायालयात गेला. लसीचे संभाव्य त्रास जाहिरातीत लिहिले तर पालक बिचकतील, असे सांगण्यात आले. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. जाहिरात द्यायची ती पालकांना माहिती मिळावी म्हणूनच ना, असा त्याचा आशय होता. बिचकतील म्हणून सांगायचे नाही, हा विचार आम्हांला अगदी ओळखीचा वाटला. आमच्या जीपमध्येही तोच बसला होता. रांग वाढते आहे, म्हणून सांगायचे नाही.

आता सभागृहात आरोग्य शिबिर असते तेव्हा दाराशी एक टेबल मांडतो. सुई असो की रक्ततपासणी, ती कशाची आहे, काय होऊ शकते, नको असेल तर काय, हे सिस्टर किंवा एखादी परिचारिका बसून सांगते, आणि पाड्यावरचे कोणी असेल तर त्यांच्या बोलीत सांगणारे माणूस शेजारी असते. शिबिर दुपारी एकऐवजी तीनला संपते आणि स्वयंसेवक कुरकुरतात. मागच्या वेळी एका गृहस्थांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, दोन प्रश्न विचारले, चहा घेतला आणि लस न घेता निघून गेले. घरी त्यांच्या सहा महिन्यांची नात आहे. त्यांच्याकडे पुन्हा जावे की नाही, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर बसून ठरवायचे आहे.